अवैध कीर्तन

कोरगावच्या विनोदिनीमावशींना कीर्तन ऐकले नाही तर जेवण पचत नाही. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत कुठेही बुवा उभे राहिले की या पहिल्या रांगेत. बुवांच्या आधी यांचा टाळ सुरू होतो, असे लोक म्हणतात. लोकांचे काय घेऊन बसायचे!

पण गेल्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या वाड्यावर, देवळाच्या वर्धापनदिनाच्या कीर्तनाला, पेटीवाले, तबलजी आणि झांजवाले मिळून जेवढे होते तेवढेसुद्धा श्रोते नव्हते. बुवांनी रिकाम्या सतरंजीला आख्यान सांगितले, तेही काटछाट न करता. देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष जयवंत कंटाळून म्हणाले, "विनोदिनी, एक वर्स आणखी बघतंय. फुडल्या वर्साकय मंडप भरलो नाय तर मगे ऑर्केस्ट्रा."

ऑर्केस्ट्रा! देवाच्या कानाशी तो ढोल! मावशींचा जीव तिथे अडकला.

उपाय भाचीने सुचवला. साखळीच्या निहारने 'मंडप' नावाचे ॲप केले होते. आज कोणत्या देवळात कीर्तन, कुठे पालखी, सगळे त्यात दिसे. शिवाय ते मुक्तस्रोत, म्हणजे कोणीही आतले काम उघडून पाहावे, भर घालावी, सुधारावे. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत 'सर्वांचे स्वागत आहे' असे लिहिले होते. खाली मात्र नियमांची एवढी लांब शेपटी, की महाद्वारावर ओवाळून घ्यावे आणि आत पाय टाकताच कोणी खेकसावे, चपला कुठे काढल्या? मावशींनी चष्मा पुसून सगळे वाचले, कोरगावच्या कीर्तनाची माहिती भरली, देवाला नमस्कार करून पाठवली.

क्षणात उत्तर आले, 'अवैध.'

मावशी थांबल्या. कोणीतरी माणूस बघेल, म्हणून वाट पाहिली. दोन आठवड्यांनी दुसरे उत्तर आले, 'शिळे. बंद करण्यात येत आहे.'

दुसऱ्या दिवशी त्या साखळीच्या बसमध्ये होत्या.

निहारची आई आनंदी आणि मावशी या कीर्तनातल्याच मैत्रिणी. आनंदीने चहा आणि पावाचे उंडे पुढे ठेवले, पण मावशींनी उंड्याला हात लावला नाही. तेव्हाच काहीतरी बिनसलेय हे तिच्या लक्षात आले.

"आनंदी, तुज्या झिलान माका अवैध ठरवल्यान."

"कितें गो म्हणटा तूं?"

"आमका अवैध म्हटल्यार एकच म्हायत, खाण! तुमच्या तालुक्यातल्या अवैध खाणींचां पेपरात रोज वाचतंव. मी खंयचो डोंगर पोखरलंय? खंयचो ट्रक भरलंय?"

निहार आतल्या खोलीत पुण्याच्या कंपनीचे काम करत बसला होता. आवाज ऐकून तो बाहेर आला.

"मावशी, तो शब्द मी डिक्शनरीत बघून घातला. इनव्हॅलिडला अवैध."

"आणि शिळां? देवाच्या कामाक शिळां म्हणतंस? खिरीक म्हण, भाताक म्हण. कीर्तनाक?"

"ते मी नाही म्हटलं हो. बरेच दिवस कोणी पाहिलं नाही, की ते आपोआप तसं म्हणतं."

"मगे त्या आपोआपाक बोलाक कोणी शिकवल्यान?"

आनंदी पदराआड हसली. "माजें नांव सांगू नाका हां. हांवें ह्याका बरें उलोवंक शिकयल्लें."

निहारने कानाची पाळी खाजवत मावशींची नोंद उघडली. गाव बरोबर, देऊळ बरोबर, बुवांचे नाव बरोबर. वेळेच्या जागी लिहिले होते, 'आरती झाली की.'

"मावशी, इथे घड्याळातली वेळ लागते. आरती किती वाजता होते?"

"भटजी इले की."

"भटजी कधी येतात?"

"खालच्या वाड्यावरची आरती आटपली की."

"आणि ती कधी आटपते?"

"तां तू तेंकाच विचार. मी कशी सांगू? मी ह्या वाड्यावरची."

निहारने आईकडे पाहिले. आई उंड्याला लोणी लावण्यात फारच गुंतली होती.

"चार वर्षं झाली मावशी," तो म्हणाला, "आम्ही तिघे मित्रच हे सगळं ओढतोय. तुमच्या पेडण्याचं पान तर कोरंच आहे. लोक एकदा काहीतरी पाठवतात आणि परत फिरकत नाहीत. मला वाटलं, लोकांना वेळ नाही."

"वेळ आसा रे," आनंदी म्हणाली. "तुज्या दारांतल्यान परत वतात ते."

निहारने लॅपटॉप मावशींना दिसेल असा वळवला. "हे घ्या. उत्तरं तुम्हीच सांगा, मी लिहितो."

मावशींनी आता उंडा उचलला, म्हणजे अर्धा राग गेला होता. 'अवैध' काढून त्यांनी लिहायला सांगितले, 'तुमचे मिळाले, आनंद झाला. वेळ तेवढी आम्हांला कळली नाही. पुन्हा सांगाल का?' 'शिळे'च्या जागी आले, 'तुमचे काम आम्ही अजून पाहिले नाही. चूक आमची. या आठवड्यात नक्की पाहतो.'

"पण या आठवड्यात पाहणार कोण?" निहारने विचारले.

"तू. आणखी कोण?"

वेळेच्या रकान्यात घड्याळाबरोबर 'कशानंतर' असाही एक पर्याय त्याने जोडला. नियमांची शेपटी मावशींनी स्वतः कापली, आणि कापता कापता त्यांना त्या कामाची अशी गोडी लागली की निहारला मध्ये हात धरावा लागला.

कोरगावची नोंद झळकली. पुढे मोरज्याहून, हरमलहून, कुठून कुठून नोंदी येऊ लागल्या. कोणी तारखेऐवजी तिथी लिही, कोणी देवळाऐवजी आपल्या घराचा पत्ता टाकी. मावशी प्रत्येकाला उत्तर देत, आणि सोबत घरच्यांची खुशालीही विचारत.

वर्धापनदिनाला निराळाच घोळ झाला. 'आरतीनंतर' एवढेच वाचून आलेल्या परगावच्या लोकांना आरतीची वेळ कुठे ठाऊक? चुकायला नको म्हणून ते दुपार कलंडताच हजर झाले. जयवंत तेव्हा मंडप झाडत होते.

"कीर्तन खंय?" कोणीतरी विचारले.

"कीर्तन? अजून केर काढतंय मी! इलात तर हात लावा."

लोकांनी सतरंज्या अंथरल्या, म्हाताऱ्यांसाठी शेजारच्या घरांतून बसायला कदेलां आणून मांडली. भटजी आले तर आरतीलाच एवढा आवाज, की ते एक कडवे विसरले. आणि बुवांनी वीणा हाती घेतली तेव्हा मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या दिवशीचे कीर्तन काय रंगले म्हणून सांगू! पूर्वरंगातच डोळे भरून आले. आईबरोबर आलेल्या निहारच्या टाळ्या ठेक्यात पडत नव्हत्या, पण तो वाजवत मात्र मनापासून होता.

शेवटी बुक्का लागला, प्रसाद वाटला. जयवंतांनी माईक घेतला आणि मावशींकडे न बघता म्हणाले, "फुडल्या वर्साक कीर्तनच." टाळ्या झाल्या. "वाजवू नकात. आधी सांगा, येवढ्या लोकांक चाय कोण करतलो?"

मागून निहारने हात वर केला.

"अरे बाप रे!" आनंदी म्हणाली. "ताका चाय करूंक येना."

"येतली," मावशी टाळ पिशवीत घालत म्हणाल्या. "पयल्यांदा उतू गेली तर मी आसंय पुसूक."