भोक नसलेली ढाल

धनुष्य चिकटवायच्या सरसाला माशाचा वास येतो.

नदीपलीकडची माणसे थंडीची वाट पाहतात.

बांबूचे धनुष्य, लाकडाचे धनुष्य, शिंगाचे धनुष्य.

मुळ्याच्या लोणच्याचा रांजण.

मत्सराला रंग असतो की नाही, ठाऊक नाही. वजन असते.

मित्रांनो, मी एक जुनी ढाल आहे. कोरियाच्या उत्तर सीमेवर, नदीकाठच्या एका ठाण्यात माझा जन्म झाला. माक्स्वे नावाच्या म्हाताऱ्या कारागिराने जाड फळ्या जोडल्या आणि त्यांवर बैलाचे कातडे ताणले. मला थोपटून तो म्हणायचा, "ही माझी थोरली." मी ते खरे मानले.

मग ती आली. वेताची ढाल, तेल पाजलेली, गोल, हलकी. माक्स्वेच्या जावयाने, दल्सूने, तिला विणले होते. शिपाई तिला बोटावर फिरवत. मला उचलताना कण्हत. मला ती मुळीच आवडली नाही. तिच्या तेलाचा वाससुद्धा नाही.

हिवाळ्यात नदी गोठली की पलीकडचे धनुर्धारी बर्फावरून चालत येणार होते. त्याआधी शिपायांच्या हाती कोणती ढाल द्यायची, हे ठाणेदाराला ठरवायचे होते. आमच्याकडची रीत अशी, की बाण सुटतो तेव्हा ढालीमागे तिचा कारागीरच उभा राहतो.

चाचणी पावसाळी दिवशी झाली.

"मामंजी, त्या दरवाजामागे जरा वाकून उभे राहा," दल्सू म्हणाला.

"दरवाजा तरी आहे. तू टोपलीमागे उभा आहेस, जावईबापू. आत कोंबडी ठेवलीस का?"

शिपाई खो खो हसले.

बांबूच्या धनुष्याचा बाण आम्हा दोघींवरून घसरला. लाकडी धनुष्याचा टोकापुरता रुतला. शिंगाच्या धनुष्याचाही तेवढाच. ठाणेदार खूश झाला.

"दोन्ही सारख्याच. मग हलकी घेऊ."

हलकी! मला वाटले, तिला वाळवी लागो.

माक्स्वेने मात्र शिंगाच्या धनुष्यावर अंगठा दाबून पाहिला.

"साहेब, हे दमट हवेनं मऊ पडलंय. शिंग चिकटवणारा आतला सरस ओला आहे. पलीकडचे येतील ते कोरड्या थंडीत. तेव्हा धनुष्य असं लुळं नसेल. याला वाळवा आणि परत मारा."

"मामंजी, हरलात ते कबूल करा की!"

"हरलो. आता वाळवू दे."

चुलीच्या धगीने तापणाऱ्या जमिनीवर, रजईखाली, ते धनुष्य काही दिवस ठेवले. बाहेर काढले तेव्हा दोरी चढवताना धनुर्धाऱ्याच्या कपाळावर शिरा उभ्या राहिल्या.

मी हरखले. आता ती फाटणार आणि मी टिकणार. तिच्यामागे दल्सू उभा होता. कुंपणाशी त्याची बायको, माक्स्वेची लेक बुन्नी, जड झालेले पोट सावरत उभी होती.

माक्स्वेने मला गवतावर ठेवले. तो सरळ वेताच्या ढालीकडे गेला, जावयाला खांद्याने बाजूला सारले आणि ती ढाल हातात घेतली.

"अहो, रीत आहे ती! विणणाऱ्यानंच..."

"हो बाजूला. तुझं पोर काय मी वाढवू या वयात?"

"बाबा!" बुन्नी ओरडली.

"ओरडू नकोस गं. तो धनुर्धारी दचकला तर भलतीकडेच मारेल."

ज्या हातांनी मला घडवले, त्या हातांनी त्या वेताच्या ढालीची मूठ आवळली. बाण वेतातून आरपार गेला आणि माक्स्वेच्या कोपराखाली रुतला.

"बघितलंस?" दात आवळत तो जावयाला म्हणाला. "दुहेरी वीण."

दल्सूने नव्या ढाली दुहेरी विणल्या. शिपायांनी थंडीत त्याच नेल्या आणि ते परत आले. माक्स्वेचा हात पुन्हा कधी कातडे ताणू शकला नाही. ती भोक पडलेली ढाल त्याने उशाशी टांगली. घरी येणारा प्रत्येक जण त्या भोकात बोट घालून बघतो. मला लोणच्याच्या रांजणावर झाकण म्हणून ठेवले आहे. तापवलेले धनुष्य माझ्यावर कुणी चालवलेच नाही. मी टिकले असते का? मलाही ठाऊक नाही. तिच्या भोकाचा मला अजून हेवा वाटतो.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूला 'मजबूत आहे' म्हणून कोपऱ्यात टाकू नका. तिला कामाला लावा, मार खाऊ द्या, मग डागडुजी करा. कधीतरी कातड्याला चरबी चोळा. माझी एक कड उंदरांनी खाल्ली आहे.

त्या दुसऱ्या चाचणीच्या सकाळी गवतावर दव होते. मला ठेवण्याआधी माक्स्वेने खाली स्वतःचा अंगरखा पसरला होता.