भिंतीकडची बाजू

वायरमननं दुसरा स्क्रू दातांत धरला आणि तिसऱ्याला हात घातला. शिडी खालून घरमालकानं धरली होती, दोन्ही हातांनी, चांगली घट्ट, आणि नेमकं तेच वायरमनला नको होतं. गिऱ्हाईक चार पावलं लांब राहिलं की काम कसं मोकळेपणानं होतं. आज तर त्याला खालच्या माणसाच्या नकळत एक गोष्ट उरकायची होती.

दिवा मागच्या अंगणाच्या टोकाला, न्हाणीच्या भिंतीवर होता. अंधार पडल्यावर समोर कुणी हललं की आपोआप लागणारा. तो चोरांसाठी हवाय, असं घरमालकानं दहा दिवसांपूर्वी सांगितलं होतं. पण वायरमन त्याचं तोंड कुंपणाकडे करायला लागला तसं त्यानं अडवलं आणि ते घराच्या मागच्या दाराकडे करायला लावलं. चोर बाहेरून येतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. घरमालकाची रात्रपाळी असायची. मागच्या खोलीत त्याची आई झोपायची, तिची झोप सावध होती आणि दिवा लागला की उजेड थेट तिच्या तोंडावर पडणार होता. म्हातारीनंही खिडकीतून फर्मावलं होतं की दिवा अजून खाली घ्या, सगळं लख्ख दिसलं पाहिजे. आई आणि मुलगा एका माळेचे मणी, असं तेव्हा वायरमनच्या मनात आलं होतं.

मग त्याच दिवशी घरमालक मेन स्विच लावायला पुढे गेला. त्याची बायको दोरीवरचे कपडे काढत होती. वायरमनकडे न बघता, हातातल्या चादरीची घडी घालता घालता ती म्हणाली,

"पुढच्या दाराला रात्री बाहेरून कुलूप असतं."

एवढंच. वायरमनचे हात तिथंच थांबले. त्याच्या घरात दोन मुली होत्या. त्यानं झाकण काढलं, त्यातल्या हालचाल टिपणाऱ्या भिंगाच्या एका बाजूला आतून काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि परत बसवलं. पट्टी लावलेल्या बाजूचं दिव्याला दिसत नाही. घरमालकाच्या चपला वाजायला लागल्या होत्या, तेवढ्या वेळात त्यानं तिला सांगितलं की अंगणाच्या बाजूच्या भिंतीला चिकटून चाला.

परवा रात्री ती गेली. सकाळी बहिणीकडून तिचा फोन आला की मी परत येणार नाही. म्हातारीनं मुलाला सांगितलं की दिवा काही लागला नाही. म्हणून आज अंधार पडता पडता वायरमन पुन्हा शिडीवर होता. पट्टी सापडली तर हा माणूस आपल्याला धड घरी जाऊ देणार नाही, याची त्याला खात्री होती.

झाकण निघालं. पट्टी जागच्या जागी होती. त्यानं आतली तार उगाच घट्ट केल्यासारखं केलं आणि पट्टीखाली नख घातलं.

"थांबा," खालून घरमालक म्हणाला. "झाकण लावा. आधी मी चालून बघतो."

"साहेब, एकच मिनिट..."

"लावा म्हणतो ना."

वायरमननं झाकण लावलं. घरमालक मागच्या दारापाशी गेला. भिंतीकडेच्या ओल्या मातीत तिच्या पावलांचे ठसे अजून होते. तो वाकून ते बघत राहिला, मग भिंतीला खांदा घासत निघाला. अगदी तिच्याच वाटेनं. वायरमननं शिडीची कड धरली आणि डोळे मिटून घेतले.

मिटल्या पापण्यांवर उजेड पडला.

दिवा लख्ख लागला होता. वायरमनला क्षणभर काही उमगेना. मग उमगलं. पट्टी लावताना झाकण हातात उलटं होतं. परत बसवल्यावर डावी बाजू उजवीकडे गेली. भिंतीकडची बाजू सताड उघडी राहिली होती आणि झाकली गेली होती ती पलीकडची, पाण्याच्या टाकीची. वीस वर्षं या धंद्यात काढून त्यानं शिकाऊ माणसासारखी चूक केली होती. त्याच्यावर भरवसा ठेवून ती बाई या उजेडातून गेली होती.

घरमालक परत दारापाशी गेला आणि पुन्हा भिंतीकडेनं आला. पुन्हा दिवा लागला. या वेळी तो दिव्याकडे बघत नव्हता. तो खिडकीकडे बघत होता. गजांमागे म्हातारी उभी होती, उजेड तिच्या तोंडावर, आणि तिनं डोळेही किलकिले केले नव्हते.

"आई, तू जागी होतीस ना?"

"जागीच होते."

"आणि हा लागला नाही."

"नाही लागला."

घरमालक खिडकीच्या दिशेनं निघाला. घाई नव्हती त्याच्या चालण्यात. म्हातारीनं गज घट्ट धरला, पण ती मागे सरली नाही. पट्टीवर कुणाचीच नजर गेली नव्हती, दिवा धडधाकट ठरला होता आणि खोटी ठरली होती ती म्हातारी. वायरमननं गप्प राहून हत्यारं पिशवीत टाकली असती तर तो सुखरूप घरी गेला असता.

"साहेब," तो म्हणाला. "परवा नसेलच लागला. तार सैल राहिली होती. आत्ता उघडलं तेव्हा आवळली, म्हणून लागतोय. चूक माझी आहे."

घरमालक वळला. त्याला यायला चार पावलंही लागली नाहीत.

"तुझी चूक?"

"माझीच."

"तुझ्या एका तारेपायी माझी बायको गेली," असं म्हणून त्यानं शिडीला जोरात धक्का दिला. पिशवी खाली पडली, पक्कड फरशीवर वाजली. वायरमननं दिव्याखालचा पाइप पकडला. एक पाय लोंबकळत राहिला. शिडीला दुसरा धक्का बसणार हे त्याला दिसत होतं.

"शिडी धर नीट," खिडकीतून म्हातारी म्हणाली. या वेळी तिचा आवाज चांगला खणखणीत होता. "उतरू दे त्याला. त्याचं घर वाट बघत असेल."

मुलानं आईकडे बघितलं. मग त्यानं शिडी धरली.