तांडेलाची नजर

अक्षया, तू आधी नुसतं ऐक. आमचा खंडूकाका तांडेल ना, होडीच्या सुकाणूवर तोच असतो. लांबून येणारी होडी कोणाची ते नुसत्या बावट्यावरून सांगतो, म्हणून अख्ख्या वाडीत नजर कोणाची चांगली तर त्याची. आणि तरी यंदा बंदरात शिरताना बाजूच्या होड्यांना धडकायचा. "तीच मध्ये आली," म्हणायचा, आणि आम्ही मानायचो पण.

काल जेटीवर डोळ्यांची मोफत तपासणी होती, तिथे मी त्याला ओढूनच नेला. तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ त्याने घडाघडा वाचली नि मला म्हणतो, "बघ गो, चष्मा तूच लाव." मग डॉक्टरबाईंनी त्याला समोर बघायला सांगून कानाच्या बाजूने हळूहळू बोट पुढे आणलं. बोट जवळजवळ नाकासमोर आलं, तरी काका विचारतोय, "सुरू कधी करताय?"

मी लगेच स्वतःच्या बोटाने करून बघितलं, मला तर कानाजवळचं पण दिसतं. बाई म्हणाल्या, काचबिंदू आहे. त्यात कडेची नजर आधी जाते, समोरचं दिसत राहतं, म्हणून माणसाला कळतच नाही. गेलेली परत येत नाही, पण रोज थेंब घातले तर उरलेली टिकवता येते.

येताना काका हळूच म्हणाला, "थेंब घालीन. पण सर्वेशला बोलू नको. माझाच पोरगा मला सुकाणूला हात लावू देणार नाही."

उद्या होडी जाते, आणि सर्वेशही तिच्यावरच असतो. सांग, तू काय केलं असतंस?