उभ्या गाडीचं डिझेल

बाईंनी गुडघा जमिनीला टेकवला आणि गाडीखालच्या ओलाव्याभोवती खडूनं वर्तुळ काढलं. सकाळी काढलेलं पहिलं वर्तुळ बशीएवढं होतं, नंतरचं ताटाएवढं, आणि आता ओल परातीएवढी पसरली होती. मधोमध एसीचं पाणी टपटपत होतं. बाई कधी उठतात याची वाट पाहत एक चिमणी चाकाआड दबकून बसली होती.

"बाई, फ्रीज आज पण चालू?" मागून एका विद्यार्थिनीनं विचारलं.

"चालू. लिहून घे."

कुलसचिवांच्या काळ्या काचांच्या गाडीला मुलांनी हे नाव ठेवलं होतं. साहेब वर ऑफिसात, गाडी खाली झाडाच्या सावलीत, आणि इंजिन दिवसभर आपलं घुरघुरत. उभ्या गाड्यांपैकी कुठली चालू आहे आणि किती वेळ, हे तिथे खांबासारखं उभं राहून कोण बघणार? म्हणून बाईंनी मुलांना खडू दिले होते. एसीचं पाणी खोटं बोलत नाही, असं त्या म्हणाल्या होत्या.

विद्यापीठ हवेत किती कार्बन सोडतं याचं मोजमाप चाललं होतं. बाई पर्यावरण विभागात शिकवत, आणि कुठलीही गोष्ट पहिलीतल्या पोराला समजावी अशी सांगत. "घरातला केर मोजायचा तर नुसती केराची बादली बघून भागत नाही," त्यांनी मुलांना सांगितलं होतं. "कोण बाहेरून काय पायाला लावून येतं, तेही बघावं लागतं." या विद्यापीठाला वसतिगृह नव्हतं. सगळे रोज गावातून यायचे आणि संध्याकाळी परत जायचे. दिवे, पंखे, प्रयोगशाळेतला गॅस, जनरेटर, सगळं एका पारड्यात घातलं तरी येण्याजाण्याचं पारडं जमिनीला टेकत होतं.

आणि ते तसं टेकणारच होतं. दोन वर्षांपूर्वी कुलसचिवांनी विद्यापीठाची बस बंद केली होती. डिझेल परवडत नाही, म्हणाले. त्या बैठकीत बाई उठून बोलल्या होत्या. दोन-दोन रिक्षा बदलून येणाऱ्या मुलींबद्दल, चुकणाऱ्या पहिल्या तासाबद्दल. साहेबांनी चष्मा काढून पुसला होता. "बाई, भावना नकोत. आकडे आणा." सगळी बैठक हसली होती. ते हसू बाईंच्या मानेवर कुसळासारखं अजून टोचत होतं.

बस चालवायचा तो बाईंचा धाकटा भाऊ. मुलं त्याला कप्तान म्हणायची. लांबून पळत येणारं पोर आरशात दिसलं की तो बस थांबवायचा आणि ते वर चढेपर्यंत यथेच्छ शिव्या घालायचा. बस गेल्यावर त्याला साहेबांच्या गाडीवर घातलं. आता तो दार उघडायचा, बॅग उचलायचा आणि मुलं समोरून आली की दुसरीकडे बघायचा. तक्रारीचा एक शब्द नाही. बाईंना तेच जास्त लागायचं.

विद्यापीठाला कसल्याशा प्रमाणपत्रासाठी अहवाल हवा झाला, आणि तो करणारं बाईंशिवाय दुसरं कुणी नव्हतं. साहेबांना स्वतःच्या हातानं त्यांना पत्र द्यावं लागलं. बाई नुसतं "बरं" म्हणाल्या.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी भाऊ नेहमीसारखा चहाला आला. बाईंनी कप त्याच्यापुढे ठेवला आणि न राहवून अहवालातलं चित्र उलगडलं.

"हे बघ. ही तुझ्या साहेबाची गाडी. जागची हलत नाही आणि धूर मात्र अख्ख्या आवारात सगळ्या गाड्यांच्या वरताण. उद्या सगळ्यांसमोर दाखवणार आहे. त्याला म्हणावं, घे आकडे!"

भावानं चित्राकडे पाहिलं. मग चहाकडे.

"मागे तुला विचारलं होतं मी, इंजिन का चालू असतं," बाई म्हणाल्या. "तू म्हणालास, साहेबांना गाडी गार लागते."

"म्हणालो होतो."

"मग?"

"साहेबाला एसी सोसत नाही, ताई. बसल्या बसल्या शिंका सुरू होतात. काच खाली करून बसतो तो."

बाईंचा हात चित्रावरच राहिला.

"मग चालू कोण ठेवतं?"

"आत कोण बसतं दिवसभर?" त्यानं बशीत चहा ओतला. "बस बंद करताना काय म्हणाला होता? डिझेल परवडत नाही. म्हटलं, बघू या किती परवडतं. बिलावर न बघता सही मारतो गाढव. दोन वर्षं जाळतोय."

"तू?"

"तू एकटीच खुन्नस धरून बसलीस असं वाटलं का तुला?"

बाईंना हसू आलं. आपण इतके दिवस खडू घेऊन ज्याच्या मागे रांगत होतो, तो आपलाच भाऊ. चित्र त्यांनी घडी करायला घेतलं.

"घडी नको घालू," भाऊ म्हणाला. त्याच्या आवाजात लपवूनही न लपणारी ऐट होती. "सांग तरी. किती झालं माझं?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी त्याचा पाढा चुकला की त्या अशाच थांबत. रागावत नसत, थांबत.

"टनात सांगून तुला कळायचं नाही," त्या म्हणाल्या. "तू रोज उभ्या उभ्या जाळतोस ना, तेवढ्या डिझेलमध्ये तुझी बस रोज स्टेशनला एक खेप करून परत आली असती."

भावानं बशी खाली ठेवली. चहा तसाच राहिला. त्यानं विचारलं,

"भरलेली?"

"खचाखच भरलेली."

तो उठला, चपला घातल्या आणि गेला.

दुसऱ्या दिवशी बैठकीच्या खोलीत पंखे फिरत होते तरी सगळे कागदानं वारा घेत होते. कुलगुरू मधोमध, त्यांच्या उजव्या हाताला कुलसचिव. बाईंनी वीज सांगितली, जनरेटर सांगितला, मग येणंजाणं. साहेब मान डोलावत होते. आकडे मोठे होते, पण ते हजारो लोकांचे होते, म्हणजे कुणाचेच नव्हते.

"आता एक शेवटची गोष्ट," बाई म्हणाल्या. "आपल्या आवारात एक गाडी आहे. ती दिवसभर उभ्या जागी चालू असते. तिच्याखाली गळणारं एसीचं पाणी मुलांनी खडूनं आखून मोजलंय. तिच्या डिझेलवर आपली बंद पडलेली बस रोज स्टेशनला एक खेप करू शकते."

खोलीत कुजबुज झाली. कुलगुरूंनी पेन खाली ठेवलं.

"उभ्या जागी? कुणाची गाडी?"

बाईंनी घाई केली नाही. पुढच्या चित्रावर त्यांचं बोट होतं.

उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती म्हणून कुलसचिव पडदा ओढायला उठले, आणि पडदा हातात धरून तसेच उभे राहिले. बाईंनाही त्यांच्या खांद्यावरून खालचं दिसत होतं. सावलीतली राखीव जागा. त्यांची गाडी. ती आज जरा मागे लावल्यानं तिच्या पोटाखालून बाहेर आलेली, एकात एक काढलेली खडूची पांढरी वर्तुळं. वरून ती नेमबाजीच्या फळीसारखी दिसत होती.

गाडीच्या चारही काचा खाली होत्या. इंजिन बंद. भाऊ बाहेर दगडावर बसून शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसत होता.

साहेब वळले. बाईंच्या बोटाकडे पाहिलं, मग बाईंच्या चेहऱ्याकडे. दोन वर्षं बाईंनी या चेहऱ्याची वाट पाहिली होती. त्यांनी तो नीट, शांतपणे बघून घेतला.

"गाडी कुणाची म्हणाल, तर—" बाईंनी पान उलटायला घेतलं.

"बस सुरू करता येईल," कुलसचिव म्हणाले.

"पण डिझेल?" कुलगुरूंनी विचारलं. "तुम्हीच म्हणाला होतात ना, परवडत नाही?"

साहेबांनी चष्मा काढला. पुसायला रुमाल सापडेना.

"परवडेल," ते पुटपुटले.

टिपणं घेणारा कारकून कोपऱ्यातून वाकला. "साहेब, जरा मोठ्यानं. पंख्यात ऐकू नाही आलं."

"परवडेल!"

कोणीतरी हसलं. मग आणखी कोणीतरी. बाई हसल्या नाहीत. पान न उलटता त्यांनी अहवाल मिटला.

"आणि चालवणार कोण?" कुलगुरूंनी विचारलं.

"आहे एक जण," कुलसचिव घाईघाईनं म्हणाले. "माझ्याच गाडीवर आहे. मी काय, माझी गाडी मी चालवीन."

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. चिमणी कोरड्या वर्तुळात येऊन इकडे तिकडे चोच मारत होती. भावानं आपली बाटली उघडली, मधल्या वर्तुळात थोडं पाणी ओतलं आणि लांब सरकून बसला.