थेंबावर चाललेली मोटर

आमच्या घरात मुंगी शिरायला वाव नव्हता. खिडकीतून माणसं डोकावत होती, जिन्यात चपलांचा ढीग पडला होता, आणि आतल्या खोलीत, अप्पांच्या पलंगाशेजारी, साक्षात थेंबमहाराज उभे! हातात पाण्याची बाटली. लोकांच्या बंद पडलेल्या शिलाई मशीन, पंप, स्कूटर म्हणे एका थेंबात चालू करतात. पेट्रोल संपलेली स्कूटर चालू करतात का, हे विचारायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.

पण घरात कोणी थट्टेच्या मनःस्थितीत नव्हतं. अप्पा, म्हणजे आमचे वडील, अंथरुणाला खिळलेले, पाठीला जखमा झालेल्या. त्यांना उचलून उचलून आईची कंबर गेली. म्हणून दादाने छताला लोखंडी दांडा बसवून मोटरने वरखाली होणारी झोळी केली होती. ती चालली नाही, तर उद्या अप्पांची रवानगी दूरच्या रुग्णालयात, आणि तीही कायमची. ते ऐकल्यापासून अप्पांनी जेवणच टाकलं होतं.

आणि मोटर काही फिरेना! मोटर चालवायचा बोर्ड नवाकोरा. पहिल्यांदा वीज दिली, हिरवा दिवा लागला, पण मोटर ढिम्म. दादाने वायरी बदलल्या, वीजपुरवठा मोजला, मोटर थेट जोडली तर फिरली. बोर्डाला जोडली की पुन्हा ढिम्म. शेवटी तो जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. शेजारच्या काकूंनी काडीऐवजी महाराज आणले.

"यंत्राचाही आत्मा तहानलेला असतो, बाळा," महाराज म्हणाले. "तुम्हा शिकलेल्यांना नुसत्या तारा दिसतात, तहान दिसत नाही!"

त्यांनी बोटं बुडवून बोर्डावर पाणी शिंपडलं. दादाने बटण दाबलं आणि मोटर घुर्रकन फिरली. सगळ्यात जास्त दचकले ते महाराजच! पण लगेच सावरून डोळे मिटते झाले. आईने त्यांचे पाय धरले. मलाही रडू आलं, आनंदानेच, खोटं कशाला बोलू?

"आत्ताच बसवू अप्पांना," दादा म्हणाला. "महाराज आहेत तोवर."

"अरे, का चालली ते तरी आधी बघू!" मी म्हटलं.

"चाललीये ना? मग नाट लावू नकोस!"

अप्पांना झोळीत घेतलं, त्यांना उकडू नये म्हणून पंखा तिकडे वळवला. झोळी पलंगापासून हातभर वर गेली आणि मोटर थांबली. दादा बटण दाबतोय, सोडतोय, पण काही नाही. झोळीत अप्पा दुमडले गेले होते, छाती आवळली होती, श्वास घरघरत होता.

"खालून आधार द्या!" मी ओरडले. दोघातिघांनी हात दिले, तरी झोळीचा ताणलेला पट्टा सुटेना.

महाराजांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "या घरात अविश्वास आहे! हिला आधी बाहेर काढा!"

"जा गं बाहेर," दादा रडत म्हणाला, "पाया पडतो तुझ्या!"

मी शाळेत विज्ञान शिकवते, पण त्या क्षणी काही म्हणजे काही आठवेना. एवढंच सुचलं, की मगाशी होतं आणि आता नाही, असं काय आहे? थेंब! तो बोर्डाच्या कडेला, दोन पिनांवर पडलेला मी पाहिला होता. आता पंख्याच्या वाऱ्याने सुकला होता. वीज कमी दाबाची होती, म्हणून धीर केला. अप्पांच्या पेल्यातलं नळाचं पाणी बोटावर घेऊन तिथेच टेकवलं.

"दाब बटण! खाली घे!"

मोटर फिरली. अप्पा पलंगावर टेकले, आईने त्यांचं डोकं छातीशी धरलं.

"पाहिलंत?" महाराज गरजले. "जागा आमच्या थेंबाने सिद्ध झालीये!"

"मग ती सिद्धी पुसून बघू या," मी म्हटलं. वीज बंद करून बोर्ड कोरडा केला, पुन्हा वीज दिली. मोटर ढिम्म! मग वाकून नीट पाहिलं. त्या दोन पिनांवर प्लास्टिकची इवलीशी टोपी होती. वरून पाहिलं तर बसलेली, पण नखाने हलवली तर एकाच पिनेत अडकलेली. वाटेत हरवू नये म्हणून कारखान्यातून तशीच येते. एका पिनेवर कायम वीज असते, दुसरी मोटरला 'चल' म्हणून सांगते, आणि टोपीने दोघींना जोडायचं असतं. ते काम पाण्याने केलं होतं. थेंब जरा पलीकडे पडता, तर बोर्डच जळाला असता.

दादाने वीज बंद करून टोपी दोन्ही पिनांवर बसवली. आता कोरड्या बोर्डावर मोटर फिरली. महाराजांना एकदम दुसऱ्या भक्ताची आठवण झाली.

"पण पाण्यानेच चालली ना?" काकू हिरमुसून म्हणाल्या.

"हो काकू, पाण्याने. महाराजांनी नाही."

वस्तू बंद पडली की आपण सगळेच 'का?' विचारतो; चालू झाली की हात जोडतो. बाबांनो, चालू झाल्यावरही विचारा. तिच्यात आपलं माणूस बसवायचं असेल, तर आधी विचारा.

दादा स्वतः झोळीत बसला, कितीतरी वेळा वरखाली झाला. मग अप्पांकडे वळला. अप्पांनी हाताने त्याला थांबवलं.

"आता का चालते, ते मला सांग."

दादाने पलंगाच्या कडेला बसून सगळं सांगितलं, एकेक पिन दाखवून. अप्पांनी नीट ऐकून घेतलं.

"हं," ते म्हणाले. "मग उचल."