एका वर्षाची सूट

बाईंच्या कोटाचं मधलं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं... आता पडेल, मग पडेल — आणि वॉरनला त्याखेरीज काही सुचेचना. त्याच्या बायकोने, मार्लिसने, तिसऱ्यांदा लिंबाच्या वड्या पुढे केल्या. मिनेसोटात पाहुणा दोनदा नको म्हणतो, तिसऱ्यांदा घेतो; पण ओडेगार्डबाई सरकारी अधिकारी, तिसऱ्यांदाही नकोच म्हणाल्या. न्यायाधीश पुढच्या महिन्यात शिक्षा सुनावणार, ती बहुतेक यांच्याच अहवालावर. आज त्या घर बघायला आल्या होत्या.

गुन्हा त्याने कबूल केला होता. ज्या वृद्धाश्रमांचे हिशेब तो सांभाळायचा, तिथल्या न झालेल्या उपचारांची बिलं त्याने वर्षानुवर्षं सरकारला लावली. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना कागदावर चालायला लावलं. लाज वाटायची का तेव्हा? वाटायची... जेवणाआधी प्रार्थनेला हात जोडताना थोडी.

मग तुरुंगात जाणाऱ्यांना पैसे घेऊन सल्ला देणारा तो सल्लागार, स्वतः आत राहून आलेला. परवा फोनच्या स्पीकरवर म्हणाला, “पितोस ना? आठव बाबा, नीट आठव! अटकेआधी पीत होतास असं अहवालात आलं, की आतल्या व्यसनमुक्तीच्या वर्गात घेतात. वर्षभर आधी सुटशील.” मार्लिस तिथेच भांडी विसळत होती. पण वॉरन पीत नव्हता, लग्नातसुद्धा त्याचा पेला भरलेलाच राहायचा. आणि काल कचेरीत बाईंनी विचारलं तेव्हा तो सरळ ‘नाही’ म्हणाला — काय हलकं वाटलं! किती वर्षांनी तोंडातून खरं निघालं होतं. सगळं जाऊ दे, घर, नाव, तब्येत... एवढं एक ‘नाही’ आपलं. रात्री तो गाढ झोपला.

“मिस्टर लिंडक्विस्ट दारू घेतात?” बाईंनी मार्लिसला सहज विचारलं.

“रोज,” मार्लिस म्हणाली.

वॉरनने मान वर केली.

“त्याला सांगायची लाज वाटते हो. गॅरेजमध्ये, बर्फ काढायच्या यंत्रामागे बाटली असते. बर्फ काढून येतो म्हणायचा... आणि बाहेर बर्फाचा पत्ता नसायचा!” ती हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. खरंखुरं रडू. वॉरनला क्षणभर गॅरेजमधला गारठा जाणवला, घशातली जळजळसुद्धा.

“मिस्टर लिंडक्विस्ट? काल तर तुम्ही नाही म्हणालात.”

नाही म्हणावं, तर मार्लिस खोटी ठरते, तीही सरकारी अधिकाऱ्यापुढे. सरकारशी खोटं बोलण्याची किंमत त्याच्याइतकी कुणाला ठाऊक! आणि हो म्हणावं, तर... मार्लिस डोळे पुसून त्याच्याकडे शांतपणे बघत होती. हिशेब तपासायला आलेल्यांकडे तो स्वतः असंच बघायचा. चर्चमध्ये वर्गणी मोजणारी, सुटे पैसे जास्त आले तर दुकानात परत जाणारी ही बाई... हिला हे कधीपासून येतं? त्या सगळ्या वर्षांत तिने एकदाही विचारलं नव्हतं, पैसे कुठून येतात म्हणून. तिला ठाऊकच नाही, निदान ती तरी कोरी आहे, हे धरून तो आजवर तगला होता.

“सांग ना रे,” ती मायेने म्हणाली. “आता लपवून काय करायचंय?”

बाईंचं पेन थांबलं होतं. तुरुंगाची भीती इतके दिवस होतीच. आता त्याला घरी परत यायची भीती वाटू लागली — आणि तेही एक वर्ष आधी.