दोन बोटांची फट

मित्रांनो, मी एक जुना पितळी ओळंबा आहे. ओळंबा म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो, कारण मला मुळात धीर नाही. गवंडी भिंत बांधतो तेव्हा ती सरळ उभी आहे की कुठे कलली आहे, हे तपासायला तो दोरीला जे जड लटकवतो, तो मी. दोरीच्या वरच्या टोकाला माझ्याच जाडीची लाकडी ठोकळी असते. ठोकळी भिंतीच्या माथ्याला लावायची आणि मला खाली सोडायचं. मी भिंतीला जेमतेम टेकलो, तर भिंत सरळ. मध्ये फट राहिली, तर भिंत वर बाहेर झुकली. बस्स, एवढंच माझं शिक्षण. पण तेवढ्यावर मी चाळीस वर्षं मिरवलो!

एक मोडका नळ आणि दाराच्या दोन कड्या वितळवून एका कारागिराने मला ओतलं आणि लेथवर चढवलं. अहाहा, काय ती गरगर! अंगावरून पितळेच्या कुरळ्या साली निघत होत्या आणि आतून मी निघत होतो, गोल पोटाचा, निमुळत्या टोकाचा. ज्या तरुण गवंड्याने मला घडवून घेतलं त्याने मला तळहातावर तोललं आणि तो हसला. त्या हसण्यावर मी जो भाळलो, तो आजतागायत. पुढे लोक त्याला मिस्त्री म्हणू लागले.

मिस्त्रींच्या घरात माणसं तीनच. ते, त्यांची बायको म्हणजे आई, आणि एकुलती एक लेक बेबी. बेबी आता अडतीस वर्षांची आहे, सिमेंटची गोणी खांद्यावर टाकते, बापाच्या बरोबरीने भिंती बांधते, पण नाव काही बदललं नाही. बांधकामावर नवीन माणूस आला की विचारतो, बेबीला कुठे झोपवलंय? मग गोणी टाकून बेबीच समोर येते.

हे घर येशूवर विश्वास ठेवणारं. रात्रीच्या जेवणाआधी प्रार्थना, आणि प्रार्थनेनंतर मिस्त्रींचा ठरलेला प्रश्न, "आज काय दिसलं?" म्हणजे आज देवाचं काम कुठे दिसलं, ते प्रत्येकाने सांगायचं. बेबी सात वर्षांची असताना एकदा म्हणाली, "मला कुत्रा दिसला." दुसरा बाप हसला असता. मिस्त्री म्हणाले, "कोपऱ्यावरच्या दुकानाबाहेरचा ना? मालक आत गेला की तो दारात बसतो. कितीही उशीर होवो, जागचा हलत नाही. प्रार्थना अशी करायची असते." आई म्हणाली, "आणि जेवण गार होतंय, त्यातून काय शिकायचं?"

दूध उतू गेलं, किल्ली हरवली, छत्री उलटी झाली, मिस्त्रींना सगळ्यात धडा सापडायचा. पण सर्वांत जास्त धडे कुणावर? माझ्यावर! शनिवारी संध्याकाळी मला राखेने घासता घासता ते म्हणायचे, "देवाचं वचन असं असतं बघा. भीड नाही, मुर्वत नाही. पुढे राजाची भिंत असो नाहीतर गोठ्याची, वाकडं ते वाकडं." आई आणि बेबी एकमेकींकडे बघून गालात हसायच्या, त्यांना हा धडा तोंडपाठ होता. मी मात्र दर वेळी नव्याने फुगायचो. वाटायचं, या घराच्या सगळ्या भिंती माझ्यामुळे सरळ आहेत, आणि माणसंसुद्धा.

कामावर मिस्त्रींचा एक नियम होता. ओळंबा हलतोय तोवर कुणी बोलायचं नाही. तो थांबला की मगच निकाल. मी पडलो उतावळा. खाली सोडलं की झुलायचो, फिरायचो, सगळ्यांना ताटकळत ठेवायचो. मग हळूहळू थांबायचो, आणि मिस्त्री म्हणायचे, "बरोबर." त्या एका शब्दासाठी मी जगत होतो.

आणि मग आमच्या चर्चच्या मंडळीने नवं प्रार्थनामंदिर बांधायला घेतलं. काय सांगू मित्रांनो, मी हत्यारांच्या पेटीत उड्या मारत होतो! वेदीमागची उंच भिंत मिस्त्रींनी स्वतःकडे घेतली. वय अडुसष्ट, पण म्हणाले, ही भिंत माझी. बाजूच्या भिंती बेबीकडे. छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्या गुरुवारी चढणार होत्या आणि रविवारी पहिली उपासना होणार होती. मंडळीचे धर्मगुरू पाळकसाहेब, त्यांनी सगळ्यांना निमंत्रणं देऊन टाकली होती.

पहिले पाच फूट भिंत सुरेख चढली. त्याच्यावर मात्र काहीतरी बिनसलं. मिस्त्री मला सोडायचे, डोळे बारीक करायचे, मान वाकडी करून बघायचे आणि म्हणायचे, "बरोबर." मी मनात म्हणायचो, अहो, बरोबर काय, केसभर फट आहे. दुसऱ्या आठवड्यात म्हणालो, मिस्त्री, बोटभर. तिसऱ्या आठवड्यात दोन बोटं. मी जीव तोडून लटकत होतो, पण मिस्त्रींची भिंत दुसरं कोण तपासणार? चाळीस वर्षांत ती चुकली नव्हती. तुम्हीच सांगा, सूर्य वेळेवर उगवला का, हे कुणी घड्याळात बघतं का?

बुधवारी दुपारी मिस्त्री पाणी प्यायला गेले. कैच्या जिथे टेकणार तिथली जागा बघायला बेबी बांबूच्या परांचीवर चढली आणि सवयीने ठोकळी माथ्यावर विटेखाली दाबून तिने मला सोडलं. खाली उतरली, उकिडवी बसली, माझ्याकडे बघितलं. मी थांबलेला होतो. तिने पुन्हा बघितलं. मग वर जाऊन मला गुंडाळलं आणि खिशात टाकलं. तिच्या खिशात माझ्या मनात नुसते ढोल वाजत होते. सापडलं! अखेर कुणाला तरी सापडलं!

बेबी मात्र पेचात होती. सांगितलं तर बापाची मान सगळ्या मंडळीसमोर खाली जाणार, आणि कदाचित हातातली थापी कायमची सुटणार. नाही सांगितलं तर उद्या त्या भिंतीवर छताचं वजन येणार, आणि रविवारी त्याखाली लेकराबाळांसकट माणसं बसणार. संध्याकाळी प्रार्थना झाली. मिस्त्रींनी विचारलं, "आज काय दिसलं?" आईने सांगितलं. बेबीची पाळी आली. ती ताटाकडे बघत म्हणाली, "बाबा, तुमच्या भिंतीत आणि ओळंब्यात मला दोन बोटं फट दिसली."

मिस्त्रींचा घास हातात राहिला. "तुझं बघायला चुकलं असेल," ते म्हणाले. "तू अंगठ्याएवढी होतीस तेव्हापासून मी भिंती बांधतोय." बेबी म्हणाली, "चुकलं असेल. उद्या उजाडताच तुम्हीच बघा." त्या दिवशी या घरात पहिल्यांदा कुणालाही कशातून काही शिकायचं नव्हतं.

सकाळी तिघंही गेली. बेबीने वरून मला सोडलं. वारा होता, आणि मी उत्साहाने असा झुलत होतो की विचारू नका. मिस्त्री म्हणाले, "हा हलतोय. यात काय दिसणार?" आईने पुढे होऊन मला मुठीत धरलं, अलगद सोडलं आणि म्हणाली, "थांबला. आता बघा."

मिस्त्री वाकले. खूप वेळ वाकून होते. मग त्यांनी डोळे मिटले आणि हात पुढे केला. माझ्या आणि भिंतीच्या मध्ये त्यांची दोन बोटं आरपार गेली, कुठेही न अडकता. त्या क्षणी मला ओरडावंसं वाटलं, मी सांगत होतो ना! पण त्यांचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता, आणि तो बघून माझं पितळ थंड पडलं. ते म्हणाले, "बेबी, मला दिसत नाही गं. सहा महिने झाले. सगळं धुक्यातून बघतोय. खालचे पाच फूट हाताने चाचपून निभावले." आणि ते विटांच्या ढिगावर बसले.

तेवढ्यात पाळकसाहेब आले. बेबी काही बोलायच्या आत मिस्त्री उठले. "साहेब, माझी भिंत वाकडी आहे. पाच फुटांच्या वरचं सगळं पाडावं लागेल. रविवार विसरा." पाळकसाहेबांनी भिंतीकडे बघितलं, मिस्त्रींकडे बघितलं. म्हणाले, "रविवारचं काय घेऊन बसलात मिस्त्री, तो दर आठवड्याला येतो. मला आधी सांगा, डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी जायचं?" आणि त्यांनी बाह्या वर केल्या.

मग जे झालं ते बघायला तुम्ही हवे होतात! पहिली वीट मिस्त्रींनी स्वतः काढली. दुपारपर्यंत मंडळीतली वीस-पंचवीस माणसं जमली. कुणी विटा उतरवत होतं, कुणी त्यांना चिकटलेला सिमेंटचा माल खरवडत होतं, शिंपीणकाकू तर चष्मा कपाळावर चढवून विटा धूत होत्या. "कुणाची भिंत," असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. संध्याकाळी मिस्त्रींनी थापी धुऊन बेबीच्या हातात दिली. तिने ती परत त्यांच्याच हातात ठेवली. "हात तुमचे, डोळे माझे," ती म्हणाली. "वीट लावा. मी सांगते." अठरा दिवस ते तसे बांधत होते. बेबी म्हणायची, "सूतभर आत," आणि मिस्त्री वीट सरकवायचे. "बरोबर" हा शब्द आता ती म्हणायची.

त्या अठरा दिवसांत मी खूप विचार केला, आणि विचार करणं हा माझा धंदा नाही. मित्रांनो, वाकडं काय आहे ते मी दाखवतो, पण सरळ करायला मला हात नाहीत. मी एकटाच असतो, तर तिथे एक पडलेली भिंत उरली असती आणि तिच्याशेजारी एक मोडलेला म्हातारा. म्हणून तर देव आपल्याला वरून नुसता मापत बसला नाही. तो येशू होऊन सुताराच्या घरी वाढला, त्याने हातात हत्यार धरलं, माणसांच्या धुळीत उतरला. मिस्त्रींनी माझ्यावर इतके धडे दिले, पण हा धडा त्यांना आणि मला बेबीने दिला. तेव्हा तुमच्या घरात कुणी चहा ओतताना कपाच्या कडेला बोट लावून अंदाज घेत असेल, सुई तुमच्यापुढे धरून "जरा ओव रे" म्हणत असेल, तर त्यांची चूक दाखवून निघून जाऊ नका. खरं सांगाच, पण विटा उचलायला थांबा.

आता शेवटचं सांगतो, मला राहवतच नाहीये! मिस्त्रींच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी परवानगी दिली त्याच दुपारी ते काठी टेकत आले. गिलावा व्हायच्या आधी भिंत एकदा आपल्या डोळ्यांनी बघायची होती. बेबीने त्यांना परांचीवर चढू दिलं नाही. ती स्वतः वर गेली, ठोकळी माथ्याला लावली आणि मला सोडलं. मी झुललो, फिरलो, थांबलो. भिंतीला असा टेकलो की मध्ये कागद जाणार नाही. आयुष्यात इतका सरळ मी कधी उभा राहिलो नव्हतो. आता त्यांनी बघावं, एकदा बघावं, म्हणून मी श्वास रोखून धरला.

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते मान वर करून बेबीकडे बघत होते.

"बाबा, ओळंबा खाली आहे," ती म्हणाली.

"असू दे," मिस्त्री म्हणाले. "तुझ्या कानापाशी केस पांढरे झालेत गं. मला कुणी सांगितलंच नाही."

बेबी वरच बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडू लागली, आणि मिस्त्री खालून बघतच राहिले. मी तसाच लटकत होतो, माझ्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं, आणि देवाशपथ सांगतो, मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.